घरी स्टेन्ड ग्लास: कोल्हापुरात काय मिळतं, काय मागवावं लागतं आणि हात कसा बसवायचा

कोल्हापुरात रंगीत काचेचं काम म्हटलं की न्यू पॅलेसचा दरबार हॉल आठवतो. शिवचरित्रातले प्रसंग असलेल्या तिथल्या काचा ज्यांनी नीट उभं राहून पाहिल्यात, त्यांना हे घरी करता येईल का, असा प्रश्न पडतोच. येतं. फक्त सुरुवात कुठून करायची ते कळायला हवं. तिथले माणसांचे चेहरे, डोळे, मिशा हे जोडकामातून येत नाही. त्यासाठी काचेवर खास रंगाने चितारून ती भट्टीत भाजावी लागते, आणि ती वाट नंतरची. रंगीत काचेचे तुकडे कापायचे, कडांना तांब्याची फॉईल लावायची आणि सोल्डरने जोडायचे, एवढं मात्र घरातल्या एका टेबलावर बसून शिकता येतं. इथे लिहितोय ते या पद्धतीबद्दल.

लायनर आणि काचेचे रंग घेऊन साध्या काचेवर करतात ते ग्लास पेंटिंग. ती वेगळी कला आहे, चांगली आहे, पण तिची हत्यारं इथे उपयोगाची नाहीत. स्टेन्ड ग्लासमध्ये रंग काचेवर चढवलेला नसतो, काचेतच मुरलेला असतो. काच वितळवताना त्यात धातूंची संयुगं घालतात: कोबाल्टने गडद निळा येतो, लोह आणि क्रोमियमने हिरव्या छटा येतात, आणि खरा गुलाबी बरेचदा सोन्यामुळे येतो. म्हणून दुकानात गुलाबी काचेचा भाव ऐकून दचकू नका.

एक गोष्ट पहिल्यांदाच सांगून ठेवतो. ऑनलाइन मिळणारी भलीमोठी किट घेऊ नका. पैसे चार गोष्टींवर खर्च करा: कटर, सोल्डरिंग आयर्न, फॉईल आणि काच. बाकी जवळजवळ सगळं लक्ष्मीपुरीतली हार्डवेअरची दुकानं, उद्यमनगर, स्टेशनरीवाला आणि कृषी सेवा केंद्र यांत भागतं.

काच

सरावासाठी रंगीत काच आणूच नका. जवळच्या काचवाल्याकडे खिडक्यांची कामं करून उरलेल्या पट्ट्या पडलेल्या असतात, त्या मागा. 3 मिलिमीटर जाडीची साधी काच हवी. 4 चालेल, 5 नको. विचारताना "टफन नको" असं आवर्जून सांगा. टफन काच कापता येत नाही. तिच्यावर कटर चालवून तोडायला गेलात तर अख्खा तुकडा बारीक खड्यांत फुटतो. फिल्म लावलेली किंवा मागून रंग दिलेली काचही नको.

स्थानिक दुकानात डिझाइनची, म्हणजे एका बाजूला उठाव असलेली काच मिळते. तिचा पार्श्वभूमीसाठी फार छान उपयोग होतो, कारण पलीकडचं दिसत नाही आणि उजेड पसरतो. खरी रंगीत काच मात्र बहुधा मुंबई-पुण्याहून किंवा ऑनलाइन मागवावी लागते. तिचे ढोबळ दोन प्रकार: आरपार दिसणारी एकरंगी, तिला कॅथेड्रल म्हणतात, आणि दुधाळ, धुरकट लाटांची, ती ओपलेसंट. माझं मत विचाराल तर पहिल्या कामाला कॅथेड्रल घ्या. खालचा नकाशा, म्हणजे कागदावर काढलेलं डिझाइन, तिच्यातून दिसतो, कापणं सोपं जातं. ओपलेसंटचे काही तुकडे कटरखाली अगदी हट्टी असतात.

जुनं घर उतरवताना खिडक्यांवरच्या झरोक्यांतल्या रंगीत काचा भंगारात जातात. त्या नजरेला पडल्या तर उचला. फक्त जुनी काच ठिसूळ असते आणि तिची जाडी सगळीकडे सारखी नसते, तेव्हा आधी एका कोपऱ्यावर कटर चालवून पाहा. रंगीत बाटल्यांचा मोह टाळा. वाकलेली काच भट्टीशिवाय सपाट होत नाही.

कटर आणि कापणं

सगळ्या कलेचा पाया इथे आहे, म्हणून इथे जास्त थांबतो.

काचवाले बरेचदा हिऱ्याच्या टोकाचा कटर वापरतात. सरळ रेषेला तो उत्तम, पण वळणाला चाकाचा कटर बरा. टंगस्टन कार्बाइडचं चाक असलेला, पेनासारखा धरायचा, पोटात तेल भरायचा कटर घ्या. हार्डवेअरमध्ये सहा चाकांचा स्वस्त कटर मिळतो. त्याची पोलादी चाकं लवकर बोथट होतात आणि मग दोष आपल्या हाताला देत बसतो. तेल म्हणून शिलाई मशीनचं तेल चालतं. पातळ हवं असेल तर त्यात थोडं रॉकेल घाला. अगदी थेंबभर पुरतं, पण कोरडा कटर चालवू नका.

आता कृती. टेबलावर जुन्या वर्तमानपत्रांचा सपाट थर किंवा पातळ फोम शीट टाका. काच पुसून घ्या, धुळीचा कण चाकाखाली आला तर रेघ तिथे तुटते. उठावाची काच असेल तर गुळगुळीत बाजू वर. डोळ्यांवर गॉगल हवाच. चष्मा असला तरी त्यावर गॉगल.

उभं राहून कापा. कटर जवळजवळ सरळ उभा धरा, डावीउजवीकडे कलू देऊ नका. काचेच्या एका काठापासून सुरू करून दुसऱ्या काठापर्यंत एकाच दमात रेघ ओढायची. मध्ये थांबायचं नाही, उचलायचं नाही. 3 मिलिमीटरच्या काचेला मनगट आवळून जोर लावायची गरज नसते, खांद्यातून येणारा सारखा दाब पुरतो. आवाज ऐका: झिप ओढल्यासारखा सलग बारीक सर्र आवाज आला पाहिजे. रेघ पांढरी, भुकटी उडालेली दिसली तर दाब जास्त झाला. बारीक, नीट निरखून पाहावी लागेल अशी रेघ उत्तम.

त्या रेघेवरून पुन्हा कटर फिरवू नका. रेघ म्हणजे काचेच्या पृष्ठभागावर पाडलेली बारीक भेग. दुसऱ्यांदा चाक गेलं की भेगेच्या कडा चिरडतात, काच भलतीकडे फुटते आणि चाकाची धारही जाते. रेघ बिघडली तर बाजूला नवी ओढा. आणि ओढल्यावर लगेच तोडा, चहा पिऊन येतो म्हणून तशी ठेवू नका.

तोडताना दोन्ही मुठी रेघेच्या दोन बाजूंना, अंगठे वर, रेघेला समांतर. मग मुठी बाहेरच्या बाजूला वळवा. काच टक् करून सुटते. पट्टी अरुंद असली तर हाताने जमत नाही, तिथे रनिंग प्लायर्स, म्हणजे भेग पुढे पळवणारी पकड लागते. तिच्यावर मधोमध खूण असते. ती खूण वरच्या बाजूला ठेवून बरोबर रेघेवर आणायची आणि हलकेच दाबायचं. दुसरी पकड ग्रोझिंगची: एक जबडा सपाट, दुसरा वाकडा, आत बारीक दाते. काठाचे उरलेले कंगोरे तिने कुरतडून काढतात. या दोन पकडी साध्या पकडीने भागवता येत नाहीत, घ्याव्याच लागतात.

आतल्या बाजूला वळलेली कमान एकदम कापायला जाऊ नका. आधी कमानीची खरी रेघ ओढा, मग तिच्या बाहेर, टाकाऊ भागात, एकामागे एक उथळ कमानी ओढा आणि बाहेरून आत एकेक फोड काढत या. खोल यू आकार किंवा एल आकाराचा आतला कोपरा काचेत निघतच नाही. नकाशा काढतानाच तिथे एक जोडरेघ घाला.

सरळ रेघा, मग सौम्य वळणं, मग नाण्याएवढे गोल. काचवाल्याच्या पट्ट्यांवर हे इतकं करा की तोडताना खांदे आकसायचे थांबतील. त्याआधी रंगीत काचेला हात लावू नका.

नकाशा

पहिलं पॅनेल 15 बाय 20 सेंटिमीटरचं, आठ-दहा तुकड्यांचं करा. सरळ रेघांचा पतंग, डोंगरामागे सूर्य, असं काही. आपल्याकडे उसाचं शेत काढायची इच्छा पटकन होते, पण उसाचं पान लांब आणि निमुळतं. टोकाशी काच मोडते आणि उरलंच तर फॉईलखाली झाकून जातं. पानांची रुंदी वाढवा, टोकं काठापर्यंत न्या. जास्वंदीच्या पाकळ्या त्या मानाने समजूतदार असतात.

दुसरी नजर मजबुतीकडे. एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सरळ जाणारी जोडरेघ असली तर पॅनेल तिथे बिजागरीसारखं वाकतं. रेघा एकमेकींना अडवतील अशा ठेवा.

नकाशाच्या दोन प्रती काढा आणि दोन्हींवर तुकड्यांना सारखेच क्रमांक घाला. एक प्रत टेबलावर राहते, दुसरी कापून साचे करायचे. दोन तुकड्यांमध्ये फॉईलसाठी साधारण 0.8 मिलिमीटर जागा सुटायला हवी. त्यासाठी दुहेरी पात्याची खास कात्री मिळते, पण साचे कापताना रेघ पूर्ण कापून टाकली, म्हणजे रेघेच्या आतल्या बाजूने कात्री चालवली, तरी चालतं. साचे ओएचपी शीटचे, म्हणजे आरपार दिसणाऱ्या प्लास्टिकच्या शीटचे करा. पावसाळ्यात कागद सादळून वाकतो, शीट तशीच राहते आणि तिच्यातून काचेची लहर कुठे येते तेही दिसतं. काचेवर आखायला बारीक टोकाचा परमनंट मार्कर.

कडा घासणं

प्रत्येक तुकड्याची कड घासायलाच हवी. धारदार कड फॉईल फाडते आणि बोटही. डायमंड बिटचा ग्राइंडर असला तर काम झरझर होतं, पण ते या छंदातलं महागडं हत्यार आहे. पहिल्या दोन-तीन पॅनेलना धार लावायचा कार्बोरंडम दगड आणि 120 नंबरचा वॉटर पेपर पुरतो. दोन्ही पाण्यात भिजवूनच वापरायचे. कोरडं घासलं की काचेची बारीक धूळ उडते आणि छातीत जाते. खाली बसलेला गाळ ओला असतानाच जुन्या कापडाने टिपून कचऱ्यात टाका, मोरीत ओतू नका. टेबलावरचे कण केरसुणीने झाडायचे नाहीत, ओल्या फडक्याने पुसायचे आणि फडकं टाकून द्यायचं.

घासून झाल्यावर प्रत्येक तुकडा साबणाने धुऊन पूर्ण वाळवा. तेलाचा अंश राहिला तर फॉईल चिकटणार नाही.

फॉईल

एका बाजूला गोंद असलेली तांब्याची पातळ पट्टी 33 मीटरच्या आसपासच्या रोलमध्ये येते. वर सांगितलेल्या पॅनेलला अडीच-तीन मीटर लागते, म्हणजे एक रोल बराच काळ पुरतो. रुंदी निवडताना साधा हिशोब करा. 3 मिलिमीटरच्या काचेला 7/32 इंची, म्हणजे साडेपाच मिलिमीटरची फॉईल घेतली तर दोन्ही बाजूंना सव्वा-सव्वा मिलिमीटर वळते. 4 मिलिमीटरच्या काचेला पाव इंची घ्या. फॉईलची आतली बाजू तांबडी, काळी किंवा रुपेरी असते. आरपार काचेतून ती दिसते, म्हणून शेवटी जोड काळे करायचे असतील तर काळ्या पाठीची घ्या.

तुकड्याची कड पट्टीच्या बरोबर मधोमध बसवत भोवती फिरवा, शेवटी पाच-सहा मिलिमीटर एकावर एक येऊ द्या. ही सांध्याची जागा पॅनेलच्या बाहेरच्या काठाला न ठेवता आत ठेवा. मग दोन्ही बाजूंनी वळवून, कुठल्याही गुळगुळीत लाकडी किंवा प्लास्टिकच्या काडीने, जाड पेनाच्या पाठीनेही, घट्ट दाबून बसवा. फॉईल सुरकुतली तर सोल्डरची रेघ तशीच येईल. कमी-जास्त वळलेली जागा धारदार पेपर कटरने सारखी करून घ्या. दोन मिनिटांचं हे काम तयार पॅनेलवर स्पष्ट दिसतं.

कोल्हापूरच्या पावसाळ्यात उघड्यावर ठेवलेली फॉईल काळवंडते आणि काळवंडलेल्या तांब्यावर सोल्डर धरत नाही. रोल हवाबंद पिशवीत ठेवा, आणि फॉईल लावलेले तुकडे महिनाभर पडू देऊ नका. काळवंडलेच तर बारीक स्टील वूलने हलकेच घासा.

सोल्डर, फ्लक्स आणि आयर्न

इथे बाजारात सर्वांत जास्त गोंधळ होतो. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातल्या वायरमध्ये मधोमध राळ भरलेली असते. ती काचेवर चिकट, काळपट थर सोडते. आपल्याला भरीव तार किंवा कांडी हवी: 60 टक्के कथील आणि 40 टक्के शिसं. ती 183 ते 190 अंश सेल्सिअसच्या दरम्यान वितळते आणि चटकन आळते, म्हणून जोडावर गोल, चकचकीत उठाव राहतो. रेडिएटर दुरुस्तीवाल्यांकडच्या कांडीत बहुतेक वेळा शिसं जास्त असतं. ती बराच वेळ लगद्यासारखी मऊ राहते आणि रेघ खडबडीत येते. त्यामुळे घेताना प्रमाण विचारूनच घ्या.

फ्लक्स म्हणजे तांब्यावरचा ऑक्साइडचा थर काढणारं द्रव्य. झिंक क्लोराइडचा तयार फ्लक्स घ्या. काही कारागीर हायड्रोक्लोरिक अॅसिडमध्ये जस्त विरघळवून तो स्वतः करतात. घरात तसलं काही करू नका, त्यात ज्वालाग्राही वायू आणि अॅसिडच्या वाफा निघतात. गुजरीतल्या सोनारकामाचा टाकणखारही इथे कामाचा नाही, तो फार वरच्या तापमानाच्या झाळकामासाठी असतो. नवसागर मात्र जरूर आणा. कल्हईवाले भांड्याला वापरतात तोच. आयर्नचं टोक काळं पडलं की नवसागराच्या खड्यावर थोडं सोल्डर ठेवून टोक घासायचं, पुन्हा रुपेरी होतं. धूर तिखट असतो, खिडकीशी करा.

आयर्न 80 ते 100 वॉटचं, छिन्नीसारख्या सपाट टोकाचं. मोबाइल दुरुस्तीचं 25 वॉटचं चालणार नाही. काच आणि तांबं मिळून त्याची उष्णता शोषून घेतात आणि सोल्डरचे गोळे होतात. तापमान बदलता येणारं मिळालं तर 370 ते 400 अंशांवर ठेवा.

जोडणी

प्लायवूडवर नकाशा ठेवा. दोन लाकडी पट्ट्या गुण्या लावून बरोबर काटकोनात ठोका आणि त्या कोपऱ्यापासून तुकडे रचत या. सगळे बसले की उरलेल्या दोन बाजूंनाही पट्ट्या ठोका, म्हणजे काहीच सरकणार नाही.

आधी जिथे जिथे रेघा मिळतात तिथे ब्रशने फ्लक्सचा थेंब आणि सोल्डरचा एकेक टिपका. याने पॅनेल जागेवर बांधलं जातं. मग प्रत्येक जोडावर फ्लक्स लावून सोल्डरचा पातळ हात द्या, आणि शेवटी उठावाची रेघ. आयर्नचं टोक जोडावर टेकवून सावकाश, एकाच गतीने ओढत न्यायचं आणि दुसऱ्या हाताने सोल्डर टोकापाशी पुरवत राहायचं. फ्लक्स चरचरतो, सोल्डर क्षणभर आरशासारखं चमकतं आणि मागे मागे मंद होत आळतं. ते आळायच्या आत हलवलं तर रेघ चुरगळते.

एकाच जागी घोटत बसू नका. काचेचा एक भाग फार तापला की ती तडकते. रेघ नीट आली नाही तर पुढे जा, तो भाग थंड झाल्यावर परत या. सोल्डर पलीकडे गळत असेल तर फट मोठी आहे. आधी ती थोड्या सोल्डरने भरून थंड होऊ द्या, मग वरची रेघ. एक बाजू झाली की दोन्ही हातांनी आधार देत पॅनेल उलटा आणि दुसरी बाजू करा. शेवटी बाहेरच्या कडांना पातळ हात.

शिशाबद्दल गंभीरपणे सांगतो. या तापमानाला शिशाची वाफ होत नाही, खरा धोका हातातून तोंडात जाण्याचा आहे. म्हणून हे काम स्वयंपाकघरात नाही, जेवायच्या टेबलावर नाही. काम चालू असताना खाणंपिणं, तंबाखू काही नाही. उठल्यावर हात साबणाने नीट धुवा, कामाचे कपडे वेगळे ठेवा. घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर त्या खोलीत त्यांचा वावर नको. धूर फ्लक्सचा असतो, तो घशाला झोंबतो. छताचा पंखा तो धूर खोलीभर फिरवतो, त्यापेक्षा खिडकीत बाहेर तोंड केलेला टेबल फॅन ठेवा. सोल्डरचे सांडलेले थेंब बरणीत जमवा, पुन्हा वितळवून वापरता येतात.

धुणं आणि रंग देणं

सोल्डरिंग झालं त्याच दिवशी पॅनेल धुवा. झिंक क्लोराइड हवेतली ओल ओढून घेतं. तसंच राहिलं तर आपल्या दमट हवेत जोडांवर पांढरी बुरशीसारखी पूड चढते आणि ती पुन्हा पुन्हा येत राहते. खाण्याचा सोडा टाकलेल्या पाण्याने, मग भांड्याच्या साबणाने, मऊ ब्रशने कोपऱ्याकोपऱ्यांतून धुवून कोरडं करा.

जोड रुपेरी आवडत असतील तर तसेच ठेवा. तांबूस हवे असतील तर कृषी सेवा केंद्रातलं मोरचूद, म्हणजे बोर्डो मिश्रणासाठी शेतकरी नेतात तेच, कोमट पाण्यात विरघळवून कापडाने जोडांवर चोळा. सोल्डर अगदी स्वच्छ असेल तरच रंग सारखा धरतो. काळ्या रंगाचं द्रावण तयारच घ्यावं लागतं. दोन्ही विषारी आहेत: रबरी हातमोजे घाला, डबा प्लास्टिकचा आणि फक्त याच कामाचा ठेवा. पुन्हा धुवा, वाळवा आणि गाडीचं मेणाचं पॉलिश लावून पुसून घ्या.

टांगणं

काच जड असते, हे टांगताना विसरलं जातं. 3 मिलिमीटरची काच चौरस मीटरला साडेसात किलो भरते. म्हणजे 30 बाय 30 सेंटिमीटरच्या पॅनेलची नुसती काचच पाऊण किलोच्या जवळ जाते, वर सोल्डर. टांगायची कडी नुसत्या कडेच्या फॉईलला डकवली तर फॉईल सोलून पॅनेल खाली येतं. तांब्याच्या तारेची कडी करा आणि तारेची टोकं जिथे आतली जोडरेघ काठाला मिळते तिथे त्या रेघेत दोनेक सेंटिमीटर आत नेऊन सोल्डर करा. त्याहून सोपं म्हणजे फोटो फ्रेमवाल्याकडून खाचेची लाकडी चौकट करून घ्यायची. पॅनेल सोबत नेऊन माप द्या, कारण सोल्डरमुळे कडेची जाडी काचेपेक्षा वाढलेली असते.

फॉईलचं काम घरात, खिडकीच्या आतल्या बाजूलाच ठेवा. पावसाचा झोत थेट येणाऱ्या खिडकीत काच कायमची बसवायची असेल तर दुसरी पद्धत लागते: एच आकाराच्या शिशाच्या पट्ट्यांत तुकडे बसवायचे, फक्त सांधे सोल्डर करायचे आणि पट्टी व काच यांमधल्या फटी खडूची पूड आणि जवसाचं तेल यांच्या लुकणाने भरायच्या. तिथे तुकड्यांमधली जागा साधारण दुप्पट सोडावी लागते, त्यामुळे फॉईलसाठी कापलेले साचे तसेच्या तसे वापरता येत नाहीत.